क्रमांक हजारांत येतो, तरी समाधान कशाचे? सामूहिक सायकल फेरीतून पदरात काय पडते

वाटसरू

रस्त्यावरच्या मोठ्या सामूहिक सायकल फेरीत नाव नोंदवणाऱ्याला आपण जिंकणार नाही, हे पैसे भरतानाच पक्के ठाऊक असते. फ्रान्समधील 'एताप द्यु तूर' या फेरीत १९९३ पासून हौशी सायकलस्वार तूर द फ्रान्सच्याच एखाद्या टप्प्याचा मार्ग वाहनांसाठी बंद केलेल्या रस्त्यांवरून कापतात, आणि तेथे हल्ली पंधरा हजारांच्या आसपास लोक उतरतात. केप टाउनची १०९ किलोमीटरची फेरी १९७८ पासून चालू असून ती याहूनही मोठी आहे. स्वीडनमध्ये व्हेटर्न सरोवराला ३१५ किलोमीटरचा वळसा घालणारी फेरी १९६६ पासून भरते. तिथे गटागटाने संध्याकाळपासून माणसे सोडू लागतात आणि बरेच जण रात्रभर सायकल चालवतात. अशा गर्दीत एखाद्याचा क्रमांक नऊ हजार चारशेवा आला, तर त्या आकड्याला काय अर्थ उरतो? तरीही तोच माणूस पुढच्या वर्षी नोंदणी सुरू होण्याची वाट पाहत बसलेला असतो. असे का होते, यावर येथे चर्चा व्हावी म्हणून हा धागा काढत आहे.

माझे मत आधीच मांडतो. दम वाढतो, वजन उतरते, झोप सुधारते, हे सारे लाभ खरे आहेत. पण रोज सकाळी एकट्याने सायकल चालवूनही ते मिळतात, त्यासाठी हजारोंचा जमाव आणि हँडलवर लावलेला क्रमांक लागत नाही. केवळ फेरीतूनच मिळणारी गोष्ट वेगळी आहे. शर्यतीत शेजारचा माणूस प्रतिस्पर्धी असतो आणि एकट्याच्या सफरीत शेजारी कोणीच नसते. फेरीत मात्र शेजारी कोणीतरी असते, ते अनोळखी असते, त्याला हरवून आपल्याला काही मिळणार नसते, आणि तरीही त्याच्या मागे राहून आपण वाऱ्यापासून वाचतो व थोड्या वेळाने आपल्या मागे राहून तो वाचतो. नाव न विचारता झालेली ही देवाणघेवाण मला फेरीचे खरे बक्षीस वाटते.

दुसरी गोष्ट तारखेची. 'कधीतरी शंभर किलोमीटर करू' असे म्हणणाऱ्याचे शंभर किलोमीटर बहुधा होत नाहीत. पण तारीख ठरली, पैसे भरले गेले आणि घरच्यांना सांगून झाले की सरावाच्या दिवसांना आपोआप क्रम लागतो. लांब पल्ल्याचा दिवस, हलका दिवस, पूर्ण विश्रांतीचा दिवस असे आठवडे बांधले जातात, आणि शेवटच्या एक-दोन आठवड्यांत सराव मुद्दाम कमी करावा लागतो, जे उत्साही माणसाला सर्वांत अवघड जाते. माझ्या मते या काही महिन्यांच्या शिस्तीचे मोल फेरीच्या दिवसाइतकेच आहे. आपला अनुभव काय सांगतो?

गणिती

वाटसरू यांनी देवाणघेवाणीचा जो मुद्दा मांडला आहे, त्याला भौतिकशास्त्राचा भक्कम आधार आहे, म्हणून तेवढ्यापुरते लिहितो. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि त्यावर मात करण्यासाठी लागणारी शक्ती घनाच्या प्रमाणात. सपाट रस्त्यावर तीस किलोमीटरच्या वेगाने जाणाऱ्या सायकलस्वाराची बहुतांश ताकद हवा बाजूला सारण्यातच खर्च होते. टायरचे घर्षण आणि चेनमधील हानी त्यामानाने किरकोळ. पुढच्या सायकलच्या मागे, साधारण अर्ध्या ते एक मीटर अंतरावर राहिले की हा खर्च लक्षणीय उतरतो. किती उतरतो ते वेग, अंतर, वाऱ्याची दिशा आणि पुढच्याच्या शरीराची रुंदी यांवर अवलंबून असते, पण चौथा ते तिसरा हिस्सा वाचणे नवलाचे नाही. म्हणजे एकट्याने सत्तावीसच्या वेगाने धापा टाकणारा माणूस गटात त्याच वेगाने जाताना गप्पाही मारू शकतो. पुढचा माणूस त्यासाठी आपल्या खिशातून फारसे काही देत नाही, हे यातले विशेष. त्याला तेवढीच हवा कापायची असते, मागे कोणी असो वा नसो.

एकांडा

माझा सूर वेगळा लागेल, त्याबद्दल राग नसावा. गणिती यांनी सांगितलेले सगळे मान्य केले, तर फेरीतले यश उसने ठरते असे म्हणावे लागेल. दुसऱ्याच्या आडोशाने काढलेला वेग माझा कसा? एकट्याने चालवताना जे काही घडते त्याचा पूर्ण हिशोब माझ्याजवळ असतो: वारा माझ्या अंगावर, चुकलेली वाट माझ्या माथी आणि पार केलेले अंतर माझ्या नावावर. शिवाय गर्दीत सायकल चालवणे धोक्याचे आहे. मी पाहिलेल्या एका फेरीत सुरुवातीच्या अरुंद भागात पुढच्या एकाने पाणी प्यायला बाटली काढली, ती निसटली, आणि मागचे चार जण एकमेकांवर कोसळले. एकाचे खांद्याजवळचे हाड (कॉलरबोन) मोडले. संयोजकांनी रस्त्याच्या रुंदीचा विचार न करता एकदम सगळ्यांना सोडले होते. असे असताना लोक 'अनोळखी माणसांवरील विश्वास' वगैरे शब्द वापरतात, तेव्हा मला तो विश्वास जरा स्वस्त वाटतो.

केतकी

एकांडा यांच्या दोन्ही आक्षेपांत तथ्य आहे, पण दुसऱ्याचे उत्तर मला अनुभवातून द्यावेसे वाटते. मी पूर्ण अंध आहे आणि दोन माणसांच्या टँडेम सायकलवर मागे बसून फेऱ्या करते. टँडेमवर दोघांची पेडले एका चेनने जोडलेली असतात. पुढचा पाय थांबवतो तेव्हा माझाही पाय थांबतो, आणि गिअर बदलायच्या क्षणी त्याने दाब हलका केला नाही तर तो खडखडाट माझ्या तळपायापर्यंत पोहोचतो. म्हणून आमच्यात सतत बोलणे चालू असते: 'गिअर', 'खड्डा', 'डावे वळण', 'उतार, पाय थांबव'. स्वस्त विश्वास मला परवडणारा नाही.

मोठ्या गटात मला जे ऐकू येते ते डोळस माणसांच्या लक्षात येत नसावे. सगळे जोर लावत असतात तेव्हा टायरांचा एकसुरी घरघराट असतो. मग अचानक पुढून फ्रीव्हीलची किरकिर सुरू होते, आधी दूरवर, मग जवळ, मग आजूबाजूला. पुढच्यांनी पाय थांबवले आहेत आणि ब्रेक लागणार आहेत, हे त्यावरून कोणी ओरडण्याआधी कळते. शेजारून येणारा आवाज दीर्घकाळ एकाच अंतरावर राहिला की तो सायकलस्वार स्थिर हाताचा आहे, हेही समजते, आणि जो आवाज सारखा जवळ-दूर होतो त्याच्यापासून लांब राहायला मी पुढच्याला सांगते. हे ज्ञान एकट्याच्या सफरीत मिळाले नसते. माझ्यासाठी फेरीचा लाभ आणखी एक आहे आणि तो फार साधा आहे: त्या दिवशी रस्त्यावर वाहने नसतात. एरवी टँडेमवरही माझे अर्धे लक्ष मागून येणाऱ्या इंजिनाच्या आवाजाकडे लागलेले असते. त्या काही तासांत ते मोकळे होते.

वाटसरू

केतकी, आपला प्रतिसाद दोनदा वाचला. फ्रीव्हीलच्या आवाजाचे निरीक्षण माझ्याही कानांनी टिपलेले होते, पण ते इतके स्पष्टपणे मांडता आले नसते.

मोकळ्या रस्त्याचा मुद्दा मी मूळ लिखाणात घ्यायला हवा होता इतका तो महत्त्वाचा आहे. न्यूयॉर्कमधील पाच विभागांची फेरी १९७७ पासून भरते. ती सुमारे ६४ किलोमीटरची असून तिथे वेळ मोजलीच जात नाही, तरी तीस हजारांहून अधिक लोक येतात. त्यांच्या मार्गात व्हेराझानो नॅरोज हा झुलता पूल लागतो, ज्यावर एरवी सायकल नेता येत नाही; वर्षातून त्या एका दिवशी त्याचा एक भाग वाहनांऐवजी सायकलींच्या वाट्याला येतो. केप टाउनच्या फेरीचा उगमही असाच आहे. सायकलींसाठी वेगळे मार्ग हवेत या मागणीसाठी १९७७ मध्ये काही शे सायकलस्वार एकत्र निघाले होते, आणि पुढच्याच वर्षी तिची नियमित फेरी झाली. म्हणजे ज्याला आज आपण वैयक्तिक आनंद म्हणतो, त्याच्या मुळाशी रस्ता मागण्याची एक सामुदायिक कृती होती. ज्या रस्त्यावर एरवी जीव मुठीत धरून कडेने जावे लागते, त्याच्या मधोमध सायकल चालवताना अंगात जे काही संचारते, त्यात ताकदीपेक्षा हक्काची जाणीव जास्त असते, असे मला वाटते.

गणिती

एकांडा यांच्या 'उसन्या यशा'च्या आक्षेपाला उत्तर द्यायचे राहिले. आडोशाचा फायदा वेग जास्त असतो तेथेच मिळतो. चढावर वेग दहा-बाराच्या खाली आला की हवेचा विरोध नगण्य होतो आणि सगळा हिशोब गुरुत्वाकर्षणाशी उरतो. तेथे कोणाच्या मागे राहून विशेष काही साधत नाही.

फ्रान्समधील 'मार्मोत' या १९८२ पासूनच्या फेरीचा शेवट आल्प द्युएझच्या घाटात होतो: १३.८ किलोमीटर, २१ वळणे, सरासरी आठ टक्क्यांचा चढ, म्हणजे अकराशे मीटरपेक्षा थोडी जास्त उंची. सायकलस्वार आणि सायकल मिळून ८५ किलो धरले, तर नुसते तेवढे वजन तेवढ्या उंचीवर नेण्यास सुमारे ९३० किलोज्यूल लागतात. सतत २०० वॅट देऊ शकणाऱ्या हौशी माणसाला, बाकी सारे विरोध शून्य मानले तरी, सव्वा तासाहून थोडा अधिक वेळ लागणारच. माणसाच्या शरीराची कार्यक्षमता एक चतुर्थांशाच्या आसपास असल्याने पेडलवर जितके किलोज्यूल उतरतात, जवळपास तितक्याच किलोकॅलरी शरीर जाळते. ही आकड्यांची जुळणी योगायोगाची आहे, पण हिशोबाला सोयीची. आणि हे सगळे ग्लांदों, तेलेग्राफ आणि २६४२ मीटर उंचीचा गालिबिए हे घाट पार केल्यानंतर. तेव्हा एकांडा यांनी निश्चिंत असावे: सपाटीवर उसने घेतलेले सगळे घाटात रोख चुकवावे लागते.

याच फेरीत ग्लांदोंच्या उतारावर लागलेला वेळ एकूण वेळेत धरला जात नाही. उतारावर जीव धोक्यात घालून कोणी मिनिटे कमावू नयेत, हा त्यामागचा हेतू. संयोजकांनी नीट विचार केला, तर गर्दीचा धोका कमी करता येतो, हे यावरून दिसते. पाचशे-पाचशेच्या गटांना काही मिनिटांच्या अंतराने सोडणे हाही तसाच उपाय आहे. सायकलवरच्या चिपमुळे प्रत्येकाची वेळ तो स्वतः रेषा ओलांडतो तेव्हा सुरू होते, त्यामुळे पुढे घुसण्याचे कारणच राहत नाही.

मृण्मयी

वाऱ्याचा हिशोब झाला, आता मनाचाही व्हावा. १८९८ मध्ये नॉर्मन ट्रिप्लेट या अमेरिकी संशोधकाने सायकल शर्यतींच्या अधिकृत वेळा तपासल्या. एकट्याने घड्याळाविरुद्ध चालवणाऱ्यांपेक्षा, पुढे गती देणारा कोणी असलेले आणि प्रत्यक्ष स्पर्धेत असलेले सायकलस्वार बरेच वेगवान असल्याचे त्याला दिसले. सामाजिक मानसशास्त्रातील सर्वांत जुन्या प्रयोगांपैकी एक म्हणून ज्याची गणना होते, तो प्रयोग सायकलवरून सुचला, ही गोष्ट आपल्या मंडळींना आवडावी. ट्रिप्लेटला वाऱ्याच्या आडोशाचे कारण माहीत होते आणि त्याने ते नोंदवलेही. पण त्याखेरीज दुसऱ्याची उपस्थितीच माणसातील दडलेली शक्ती बाहेर काढते, असे त्याचे म्हणणे होते. ते तपासण्यासाठी त्याने मुलांना मासेमारीच्या गळाला असते तशी चरखी फिरवायला लावली, कारण तेथे वाऱ्याचा प्रश्न येत नाही. नंतरच्या अभ्यासकांनी त्याच आकड्यांची पुन्हा तपासणी केली तेव्हा त्यांतला फरक फारसा ठाम निघाला नाही, हेही सांगितले पाहिजे.

ऑक्सफर्डच्या वल्हेपटूंवरील २००९ चा एक अभ्यास याच प्रश्नाच्या जवळ जातो. तेच वल्हेपटू, तोच सराव, एकदा एकट्याने आणि एकदा एका लयीत एकत्र; एकत्र सरावानंतर त्यांची वेदना सहन करण्याची मर्यादा वाढलेली आढळली. खेळाडू फक्त बारा होते, त्यामुळे त्यावर फार मोठी इमारत उभारू नये. तरी गटात पाय भरून आल्याची तक्रार कमी का होते, याचा काही अंदाज त्यावरून येतो. व्यक्तिशः मला वाटते की येथे लक्ष कुठे असते हा भाग मोठा आहे: एकटी असताना मी माझ्या मांड्यांकडे पाहत असते, गटात पुढच्याच्या खांद्यांकडे.

एकांडा

गणिती यांच्या घाटाच्या हिशोबापुढे मी माघार घेतो. मृण्मयी यांच्या मानसशास्त्रापुढे नाही. दुसऱ्याच्या उपस्थितीने बाहेर येणारी शक्ती म्हणजे कित्येकदा निव्वळ उतावीळपणा असतो. पहिल्या तासात गर्दीच्या भरात सगळे जण आपल्या कुवतीपेक्षा जोरात जातात, आणि शरीरातला ग्लायकोजेनचा, म्हणजे स्नायूंना लागणाऱ्या साखरेचा साठा, जो जोरकस श्रमात दोनेक तासांत संपत येतो, तो निम्म्या वाटेतच उडवून बसतात. मग ते रस्त्याच्या कडेला पायांतले गोळे दाबत बसलेले दिसतात. त्याला मी बक्षीस म्हणणार नाही.

उलटवारा

एकांडा यांनी कडेला बसलेल्यांचा उल्लेख केला, म्हणून मी माझ्या जागेवरून लिहितो. मी बहुतेक फेऱ्यांत शेवटच्या शेकड्यात असतो आणि मर्यादेची वेळ संपत आली की मागून येणारी झाडू-गाडी माझ्या चांगल्या परिचयाची आहे. तूर द फ्रान्समध्ये अशाच गाडीवर पूर्वी खरोखरचा झाडू बांधलेला असे. शेवटाकडच्या माणसांची फेरी पुढच्यांपेक्षा निराळी असते, असे माझे निरीक्षण आहे. पुढचे लोक एकमेकांचे टायर पाहतात, मागचे एकमेकांची तोंडे. ज्याला पेटके आले आहेत त्याला मीठ-पाणी देणारा, ज्याची ट्यूब फुटली आहे त्याच्यापाशी थांबून टायरच्या आतल्या बाजूने बोट फिरवत काच शोधणारा, आणि 'त्या वळणानंतर चढ संपतो' असे धडधडीत खोटे सांगणारा, हे सगळे मागेच भेटतात.

वेळेत न पोहोचल्यामुळे मला एका फेरीत गाडीत बसावे लागले. सायकल मागे चढवली, क्रमांक काढून घेतला, आणि गाडीत आधीच बसलेल्या सहा जणांच्या शेजारी बसलो. अपमान वाटेल असे वाटले होते. प्रत्यक्षात गाडीतल्या सर्वांनी पुढचा सगळा मार्ग खिडकीतून पाहत प्रत्येक चढाची टक्केवारी, वळण आणि पाण्याचे ठिकाण यांची नोंद करण्याचा सपाटा लावला, कारण बहुतेकांनी पुढच्या वर्षी पुन्हा यायचे तिथेच ठरवले होते. शर्यत हरलेला माणूस असे करील का, ठाऊक नाही. वाटसरू यांच्या प्रश्नाला माझे उत्तर हेच: या फेऱ्यांत शेवटी असण्यालाही जागा आहे. एरवी कोणत्या खेळात संयोजक शेवटच्या माणसासाठी पाणी, डॉक्टर आणि मार्शल संध्याकाळपर्यंत ताटकळत ठेवतात?

नवखा

सगळे प्रतिसाद वाचले. मी अलीकडेच सायकल घेतली असून चाळीस-पन्नास किलोमीटरपर्यंत दमत नाही. मोठ्या फेरीत उतरावे असे वाटते, पण शंभर किलोमीटरचा आकडा छातीत धडकी भरवतो. शिवाय एक शंका: वेळ नोंदवली जाणार असेल, तर आपली वेळ सर्वांना दिसेल, याचे दडपण येते. त्यातून आनंद कसा मिळणार?

मृण्मयी

नवखा, कमी अंतर निवडणे हा कमीपणा नाही. इटलीतील 'माराटोना द्लेस डोलोमाइट्स' ही १९८७ पासूनची फेरी नावाजलेली आहे; तिथे १३८ किलोमीटरच्या मुख्य मार्गाबरोबर १०६ आणि ५५ किलोमीटरचेही मार्ग आहेत, आणि त्यांतला कोणता घ्यायचा हे सायकलवर असताना फाट्यावर पोहोचून ठरवता येते. पाय काय म्हणतात ते ऐकून ठरवण्याची ही मुभा मला फार शहाणपणाची वाटते. ५५ किलोमीटरच्या मार्गातही चार खिंडी आहेत, तेव्हा त्याला हलके समजू नये.

वेळेच्या दडपणाबद्दल सांगायचे तर, वेळेची तुलना मुळात फारशी टिकत नाही. तोच मार्ग, तोच माणूस, पण वारा उलटा असेल तर अर्धा तास सहज वाढतो. केप टाउनच्या फेरीत २०१७ मध्ये वाऱ्याने इतका कहर केला की माणसे उभ्या सायकलींसह ढकलली जात होती, आणि फेरी रद्द करावी लागली. तेव्हा वेळ ही त्या दिवसाच्या हवेची नोंद जास्त आणि आपल्या ताकदीची कमी असते. मला स्वतःला जे बदलल्याचे जाणवते ते घड्याळात उमटत नाही: पूर्वी ज्या चढावर श्वास मोजत असे, तिथे आता इकडेतिकडे पाहायला उसंत मिळते.

वाटसरू

मृण्मयी यांच्याशी पूर्ण सहमत, फक्त एक पुस्ती. अंतर आणि वेळ यांच्या पलीकडे, आपण कशासाठी चालवतो याचे उत्तर काही फेऱ्यांत आधीच ठरलेले असते, आणि अनेकांना त्यामुळे बळ येते. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्समध्ये 'पॅन-मास चॅलेंज' ही फेरी १९८० मध्ये छत्तीस जणांनी सुरू केली. ती कर्करोगावरील संशोधन आणि उपचारांसाठी निधी उभारते आणि आजवर तिने तेथील डाना-फार्बर संस्थेला एक अब्ज डॉलरहून अधिक रक्कम दिली आहे. अशा फेरीत सायकलस्वाराच्या पाठीवर पुष्कळदा एखाद्याचे नाव लिहिलेले असते. एक गोष्ट मात्र मला खटकते: निधीचा ठरावीक आकडा गाठल्याखेरीज सहभागच नाही, ही अट जेथे असते तिथे सायकलपेक्षा ओळखी जास्त लागतात, आणि कमी ओळखीचा माणूस दारातच अडतो.

याउलट टोकाला आयोवा राज्यातील आठवडाभराची फेरी आहे. १९७३ मध्ये दोन पत्रकारांनी वाचकांना सोबत यायचे आवाहन केले आणि त्यातून ती उभी राहिली. मिसुरी नदीत मागचे चाक बुडवून निघायचे आणि मिसिसिपीत पुढचे चाक बुडवून थांबायचे, एवढाच रिवाज. क्रमांक कोणाचाच नाही.

एकांडा

निधीबाबतच्या आपल्या टिप्पणीला माझा पाठिंबा आहे. आता खरा प्रश्न विचारतो, आणि तो उपरोधाने नाही. फेरीनंतर पंधरा दिवस माणसाला जे रिकामपण येते, त्याचे काय? माझे जे मित्र फेऱ्या करतात, ते महिनोन् महिने एका तारखेवर डोळा ठेवून असतात आणि ती तारीख उलटली की सायकलीवर धूळ बसते. एकट्याने चालवणाऱ्याला ही दशा येत नाही, कारण त्याला कुठे पोहोचायचेच नसते.

उलटवारा

येते, नाकारत नाही. मला तर शारीरिक थकव्यापेक्षा ते जास्त जड जाते. काही अंशी हा शरीराचाच भाग असावा, कारण दीर्घ श्रमानंतर झोप आणि भूक सावरायला काही दिवस लागतातच. पण मोठा भाग असा की सकाळी उठून करायचे काय, हे सांगणारा आठवड्याचा तक्ता संपलेला असतो. मी यावर एक मार्ग काढला आहे: पुढच्या फेरीत चालवायचे नाही, तर मार्शल म्हणून उभे राहायचे. एका वळणावर सकाळपासून झेंडा घेऊन उभे राहिले की पुढचे लोक डोक्याला डोके लावून वाऱ्यासारखे निघून जाताना दिसतात, आणि त्यानंतर तीन-चार तास उरलेले सगळे. जो माणूस अर्ध्या वाटेत 'अजून किती?' असे विचारतो, त्याला खरे अंतर सांगावे की थोडे कमी सांगावे, हा निर्णय रोज सायकल चालवून शिकता येत नाही.

गणिती

थोडे कमी सांगू नये, एवढीच विनंती. मी एकदा 'फक्त दोन किलोमीटर' ऐकून जवळचे ताकदीसाठी खायचे जेल संपवून टाकले होते आणि पुढे सात निघाले.

केतकी

एकांडा यांच्या प्रश्नावर माझे म्हणणे थोडे निराळे आहे. टँडेमवर मला पुढे बसणारा माणूस लागतोच, त्यामुळे फेरी संपली की माझ्यापाशी रिकामी तारीख नसते, तर एक माणूस उरतो. ज्याच्याबरोबर तयारी केली तो आठवड्यातून एकदा तरी येतो, कारण आता त्यालाही मागे कोणी नसलेली सायकल हलकी आणि विचित्र लागते.

नवखा यांच्यासाठी अगदी कामापुरते लिहिते. कमी अंतराच्या मार्गासाठी नाव नोंदवा, पण त्याआधी दोन-तीन जणांच्या गटात चालवण्याचा सराव करा. अंतरापेक्षा त्याचीच गरज जास्त पडते. सुरुवातीला पुढच्या सायकलच्या मागे एक सायकल मावेल इतके अंतर ठेवा आणि हात स्थिर झाल्यावरच ते कमी करा. आपले पुढचे चाक पुढच्याच्या मागच्या चाकाला कधीही समांतर येऊ देऊ नका, कारण तो बाजूला सरकला तर पडणार तुम्ही, तो नाही. चाकाकडे टक लावू नका, त्याच्या कमरेच्या वर पाहा. बाटली काढायची असेल तर आधी गटाच्या कडेला किंवा शेपटाला या. काही दिसले तर हाताने दाखवा आणि तोंडानेही सांगा. मागे माझ्यासारखे कोणी असेल तर तिला हात दिसणार नाही.

नवखा

आभारी आहे. नोंदणी केली, लहान मार्गासाठी. शेजारच्या दोघांनी रविवारी सोबत यायचे कबूल केले आहे. त्यांतला एक फार जोरात चालवतो, तेव्हा त्याला पुढे ठेवावे की मागे?

केतकी

पहिल्या दिवशी त्याला मागे ठेवा आणि वेग तुम्ही ठरवा. पुढे ठेवलात तर तो मागे वळून पाहणार नाही.